पीएसपीवर स्ट्रीट फायटर: एका तिरक्या कोपऱ्यापायी गेलेले सात आठवडे

३ जूनला कपाटाचा वरचा कप्पा आवरताना जुना पीएसपी, म्हणजे सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, हातात आला. काळा, २००० मॉडेल, म्हणजे २००७ साली आलेला तो बारीकवाला. उचलल्या उचलल्या कळलं की गडबड आहे, कारण मागचं बॅटरीचं झाकण एका बाजूने वर आलेलं आणि आत बॅटरी छोट्या उशीसारखी फुगलेली. कव्हरमध्ये दोन चकत्या होत्या, टेकन डार्क रिझरेक्शन आणि स्ट्रीट फायटर अल्फा ३ मॅक्स, दोन्ही मारामारीचे गेम, दोन्ही २००६ च्या. टेकन मी त्या काळी भरपूर खेळलोय. अल्फा मात्र दोन दिवसात सोडून दिला होता, कारण माझ्याकडून हाडोकेन, म्हणजे हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा, निघायचाच नाही. दहात तीनदा निघायचा फार तर, आणि शोर्युकेन, म्हणजे उडी घेत वर मारलेला ठोसा, निघाला तर तो अपघात. तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आपल्या हातात ते नाहीये, काही लोकांना जमतं काहींना नाही, आणि विषय बंद.

यावेळी का कुणास ठाऊक पण वाटलं की एकदा नीट बसून बघू. ठरवलं एवढंच की रियू या खेळाडूला घेऊन आरकेड मोड, म्हणजे ओळीने सगळ्या लढती, एकही कंटिन्यू न वापरता संपवायचा, हरलो की परत पहिल्यापासून. डिफिकल्टी आहे तशीच ठेवायची, कमी नाही जास्त नाही. ज्यांना हे डाव्या हातचं काम आहे त्यांच्यासाठी हे लिहित नाहीये, ज्यांनी माझ्यासारखा 'आपल्याला नाही जमत' म्हणून गेम कव्हरमध्ये ठेवून दिलाय त्यांच्यासाठी लिहितोय.

तर आधी बॅटरी. फुगलेली बॅटरी दिसली की पहिलं काम म्हणजे चार्जर अजिबात लावायचा नाही, आणि ती टोकदार कशाने उचकटायची नाही. माझी हाताने हळूच निघाली. नेहमीच्या कचऱ्यात टाकायची नाही, जुन्या बॅटऱ्या जमा करून घेतात तिथेच द्यायची. मी ती दोन दिवस एका पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवली होती आणि रोज सकाळी जाऊन बघत होतो की अजून आहे ना!

दुसऱ्या दिवशी कळलेली चांगली गोष्ट ही की पीएसपी बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतो. ५ व्होल्टचा चार्जर, जुनाच, लावला आणि हिरवा दिवा लागला. तारीख-वेळ विचारली, मी भरली, मेन्यू आला. मेमरी स्टिकवरची जुनी सेव्ह पण जिवंत होती, त्यात टेकनचे माझे सगळे जुने उद्योग. सांगायला हरकत नाही, मी पाच मिनिटं नुसता तो मेन्यू इकडून तिकडे फिरवत बसलो.

अल्फाची चकती मात्र रुसली. यूएमडीचं, म्हणजे पीएसपीच्या या चकत्यांचं, कसं असतं, आत छोटी चकती आणि बाहेर प्लॅस्टिकचं कवच, त्या कवचाचा पारदर्शक भाग जुना झाला की सांध्यातून सुटतो. माझा अर्धा सुटला होता. थोडासा गोंद काडीच्या टोकावर घेऊन फक्त कडेला लावला, आतल्या चकतीवर एक थेंब गेला तर संपलं, म्हणून हात थरथरत होता. रात्रभर वजन ठेवून सुकवली आणि ६ जूनला ती चालली. तो कर्र कर्र आवाज करत लोड होते तशीच. तो आवाज खराबीचा नाही, तसाच येतो, घाबरू नका.

नवीन बॅटरी ५ तारखेलाच ऑनलाइन मागवली होती. इथे एक लक्षात ठेवा, पहिल्या जाड १००० मॉडेलची बॅटरी १८०० एमएएचची आणि जाड असते, २००० आणि ३००० ची १२०० ची आणि पातळ. जाडवाली बारीक पीएसपीत घातली तर झाकण बसत नाही. मी पातळच मागवली, पण लेबलवर छापलं होतं ३६००! तेव्हाच शंका यायला हवी होती. तेवढ्याच आकारात तिप्पट कुठून येणार. १२ जूनला आली, पूर्ण चार्ज केली आणि पन्नास मिनिटात बंद.

मग परत करायचा सोपस्कार. विक्रेत्याने आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ मागितला, ज्यात घड्याळ आणि पीएसपी दोन्ही एकत्र दिसले पाहिजेत म्हणे, म्हणून मी भिंतीवरचं घड्याळ उतरवून टेबलावर ठेवलं आणि पन्नास मिनिटांचं शूटिंग केलं. ते पाठवलं तर फाइल मोठी आहे. छोटी करून पाठवली तर घड्याळाचे काटे दिसत नाहीत. शेवटी कारणाच्या रकान्यात 'खराब' ऐवजी 'वर्णनाप्रमाणे नाही' निवडा असं त्यांच्याच माणसाने फोनवर सांगितलं आणि मग एका दिवसात मंजूर झालं. हे आधीच सांगितलं असतं तर! पैसे यायला आठ दिवस गेले. दुसरी बॅटरी मी मुद्दाम १२०० च लिहिलेली घेतली, ती २४ जूनला आली आणि ती छान चालतेय. एकूण खर्चात सगळ्यात मोठा आकडा बॅटरीचाच झाला, बाकी गोंद, अल्कोहोल आणि एक बारीक स्क्रू ड्रायव्हर यांचा मिळून खर्च सांगण्यासारखा नाही.

आता खेळाकडे येतो. ६ ते २४ जून मी वायर लावूनच खेळत होतो, आणि त्यातली एक रात्र सांगितलीच पाहिजे. सहाव्या लढतीपर्यंत पहिल्यांदाच पोचलो होतो, पाय पसरले आणि पायात वायर अडकली. बॅटरी नाही म्हटल्यावर वायर निघाली की सगळंच गेलं. ओरडायला पण सुचलं नाही. बॅटरी नसेल तर वायर हाताच्या दोऱ्याला बांधा नाहीतर मांडीखालून घ्या, पण मोकळी सोडू नका.

पहिले दहा दिवस प्रगती शून्य. म्हणजे खरंच शून्य. जे पंधरा-वीस वर्षांपूर्वी व्हायचं तेच, हाडोकेन मारायला जावं तर रियू जागच्या जागी साधा ठोसा मारतो आणि समोरचा येऊन दोन लगावून जातो. शोर्युकेनच्या जागी कधी हाडोकेन, कधी बसून मारलेला ठोसा. अंगठ्याला फोड आला, तो फुटला, त्यावर पट्टी लावली तर पट्टीमुळे अजूनच काही लागेना. ज्या दोन-तीन मित्रांना विचारलं त्यांनी एकमुखाने सांगितलं की पीएसपीच्या डी-पॅडवर, म्हणजे डाव्या अंगठ्याखालच्या दिशांच्या बटणांवर, फायटिंग गेम होत नाहीत, सोड. एकाने तर त्याचं निओ जिओ पॉकेट कलर नावाचं हातातलं गेम मशीन आणून दाखवलं, १९९९ चं, त्याला डाव्या बाजूला मायक्रोस्विचवाली छोटी काडी असते, टिक टिक आवाज करत गोल फिरते. त्यावर मी पहिल्या फटक्यात किंग ऑफ फायटर्समध्ये आगीचा गोळा मारला आणि तो मित्र जिंकल्यासारखा माझ्याकडे बघत बसला. मला वाईट वाटलं पण एक गोष्ट कळली, म्हणजे हात ठीक आहेत. हालचाल मला येते. ती इथे पोचत नाहीये.

मध्ये एक आठवडा मी टेकन खेळून मनाची समजूत घातली. टेकन पीएसपीवर का सोपं जातं ते तेव्हा नीट लक्षात आलं. त्यात चार बटणं म्हणजे चार हातपाय, चौकोन डावा हात, त्रिकोण उजवा हात, फुली डावा पाय, गोल उजवा पाय, आणि पीएसपीवर समोर नेमकी चारच बटणं. स्ट्रीट फायटरला सहा लागतात, तीन ठोसे तीन लाथा, म्हणजे दोन वरच्या एल आणि आर वर ढकलावी लागतात. १९९८ चा आरकेड गेम, म्हणजे पार्लरमधल्या उभ्या मशीनवरचा, मोठ्या काडीसाठी आणि सहा मोठ्या बटणांसाठी बनवलेला, तो हातात मावेल एवढ्या डब्यात कोंबलाय. त्यातही हा पीएसपी म्हणजे चैनच. १९९५ साली गेम बॉयवर स्ट्रीट फायटर २ आला होता, त्याला तर हल्ल्याची बटणंच दोन. त्या लोकांनी काय केलं असेल.

२६ जूनला मी पीएसपी उघडला. खरं कारण साफसफाई. डी-पॅडचं खालचं बटण जरा दबल्यासारखं लागत होतं. स्क्रू अगदी बारीक असतात, काही बॅटरीच्या खोबणीत पण असतात, ते विसरलात आणि ओढत बसलात तर कवच तडकेल. काढलेले स्क्रू मी एका कागदावर पीएसपीचं चित्र काढून त्या त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवले, ही एक अक्कल मला वेळेवर सुचली. पुढचं कवच निघालं, डी-पॅडखालचं रबराचं पॅड उचललं, खाली इतक्या वर्षांची धूळ आणि काहीतरी चिकट. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसलं.

आणि तिथे बघत असताना ट्यूब पेटली. खाली संपर्काच्या जागा चारच आहेत. वर, खाली, मागे, पुढे. तिरकं असं काही नाहीच! माझ्या डोक्यात इतकी वर्षं असं होतं की खाली आणि पुढे यांच्या मध्ये एक तिसरी जागा आहे आणि अंगठा तिथून घसरत गेला पाहिजे. तशी जागाच नाही. खालचं आणि पुढचं दोन्ही एकाच वेळी दाबलेलं असलं की गेम त्याला तिरकं धरतो, बास. काडी असते तेव्हा काडी कोपऱ्यात गेली की दोन्ही आपोआप दाबले जातात म्हणून आपल्याला काही करावं लागत नाही. पीएसपीवर वरून चार सुटी बटणं दिसतात, आणि मी त्यातलं खालचं सोडून मग पुढचं दाबत होतो. मध्ये एक क्षण काहीच दाबलेलं नसायचं. मग गेमने तरी काय करावं.

थोडं समजावून सांगतो कारण सगळी मेख इथे आहे. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर उजवीकडे आकड्यांचा चौकोन असतो तो डोळ्यासमोर आणा, तुमचा खेळाडू उजवीकडे तोंड करून ५ वर उभा. मग २ म्हणजे खाली, ६ म्हणजे पुढे आणि ३ म्हणजे खाली-पुढचा कोपरा. हाडोकेन म्हणजे २३६ आणि ठोसा. शोर्युकेन म्हणजे ६२३ आणि ठोसा. मी मारत होतो २६. ३ गायब. आणि एकदा हे कळलं की चूक काय निघते त्यावरून काय राहिलं ते ओळखता येतं: हाडोकेनच्या जागी नुसता उभा ठोसा आला तर ३ लागला नाही. शोर्युकेनच्या जागी हाडोकेन आला तर सुरुवातीचा ६ लागला नाही. बसून ठोसा आला तर शेवटी खालीच अडकलात, पुढचं दाबलंच गेलं नाही. मी हे एका चिठ्ठीवर लिहून समोर ठेवलं होतं.

बोटाला शिकवायचं वाक्य एकच, पुढचं दाबल्याशिवाय खालचं सोडायचं नाही. मी पहिले दोन दिवस गेम चालू न करता, बंद पीएसपीवर हे करत बसलो. खाली दाब. धरून ठेव. अंगठा न उचलता पुढे लोळव, आता दोन्ही दाबलेत. मग खालचं सोड. एकदम सावकाश. अंगठ्याचं टोक नाही वापरायचं, टोकाने एकच बटण लागतं, अंगठ्याचा मऊ भाग मधल्या पोकळीवर टेकवायचा आणि मनगट न हलवता लोळवायचा. फोड येणं पण त्यामुळे थांबलं, कारण घासणं बंद झालं.

तरी २८ जूनला जोशात रियू घेतला आणि परत आपटलो. सावकाश जमत होतं, लढाईत नाही. मग एक पायरी खाली उतरलो आणि चार्ली हा दुसरा खेळाडू घेतला. हा माझ्या मते सगळ्यात कामाचा सल्ला आहे म्हणून जरा थांबून सांगतो. चार्लीच्या सॉनिक बूमला, म्हणजे त्याच्या फेकायच्या डावाला, तिरकं लोळवावं लागत नाही, थोडा वेळ मागे दाबून धरायचं आणि मग पुढे आणि ठोसा. दुसरा डाव खाली धरून वर आणि लाथ. म्हणजे खाली-मागचा कोपरा नुसता धरून बसलात तरी दोन्ही डाव तयार होत असतात, आणि बसून बचावही चालू राहतो. कोपरा धरून ठेवणं आणि कोपऱ्यातून लोळवत जाणं यात धरून ठेवणं फार सोपं. दहा दिवस चार्ली खेळलो आणि अंगठ्याला दोन बटणं एकदम दाबायची सवय आपोआप लागली, वर गेम कसा चालतो ते पण कळायला लागलं. कारण तोपर्यंत मी खेळतच नव्हतो हो, नुसता हाडोकेन काढायचा प्रयत्न करत मार खात होतो.

ते कळलेलं थोडक्यात. अल्फा ३ मध्ये आधी तीनपैकी एक 'इझम', म्हणजे खेळायची पद्धत, निवडावा लागतो. ए-इझममध्ये सुपरची, म्हणजे पट्टी भरल्यावर मारता येणाऱ्या मोठ्या डावाची, पट्टी तीन टप्प्यांची, हलकं बटण दाबलं तर एक टप्पा खर्च, मधलं तर दोन, जोरातलं तर तिन्ही. एक्स-इझम जुन्या धाटणीचा, सुपर एकच आणि हवेत बचाव नाही. व्ही-इझममध्ये स्वतःचे लांबलचक कॉम्बो, म्हणजे एकामागून एक जोडलेले फटके, बांधता येतात, तिकडे मी फिरकलोच नाही. नवख्याने ए घ्यावा. दुसरं, बचावाचीही पट्टी असते. सारखं अडवत बसलात तर ती उतरत जाते आणि शेवटी बचाव फुटतो, मग काही क्षण तुम्ही नुसते उभे. माझी सवय कोपऱ्यात जाऊन अडवत बसायची, ती या गेमने मोडली.

बटणांची मांडणी मी ऑप्शनमध्ये जाऊन बदलली: चौकोन, त्रिकोण, आर म्हणजे हलका, मधला, जोरातला ठोसा, फुली, गोल, एल म्हणजे तशाच लाथा. यात एक अडचण राहतेच. एल डाव्या हाताच्या बोटाने दाबायचा आणि डावा अंगठा डी-पॅडवर लोळतोय, दोन्ही एकाच वेळी केलं की पकड हलते. म्हणून जोरातली चक्री लाथ मी सोडूनच दिली, मधलीवर भागवलं. कोपर मांडीवर किंवा उशीवर टेकवून खेळा, हवेत धरून नको. आणि उजव्या बाजूची पॉवरची सरकपट्टी! वर सरकली की पीएसपी झोपतो. तळहाताच्या धक्क्याने माझा दोनदा ऐन मारामारीत झोपला, जागा केला तर गेम तिथेच होता, पण तोवर हाताचा ताल गेलेला.

स्क्रीनचं पण बघा. मूळ आरकेडचा पडदा ४:३ चा, पीएसपीचा ४८० बाय २७२, म्हणजे रुंद. पूर्ण पडदा भरला की सगळे जरा बसके आणि रुंद दिसतात, आणि मला तरी त्यात अंतराचा अंदाज चुकत होता. बाजूला काळ्या पट्ट्या ठेवून खेळलो ते बरं पडलं.

८ जुलैला परत रियू. हाडोकेन आता दहात आठ-नऊ. शोर्युकेन डावीकडून उजवीकडे दहात सहा, उलट्या बाजूने दहात दोन! बाजू बदलली की अंगठा बावचळतो, कारण एका बाजूला तो आतून बाहेर जातो आणि दुसऱ्या बाजूला बाहेरून आत. यावर युक्ती बिक्ती काही सापडली नाही. रोज वीस मिनिटं फक्त उलट्या बाजूने. ट्रेनिंग मोड लावायचा, समोरच्याला उभा करायचा आणि मोजायचं, मी वहीत आकडे लिहित होतो, दहात दोन, दहात दोन, दहात तीन, एक दिवस परत दहात एक. असला कंटाळा आला होता की १५ तारखेला मी पीएसपी कव्हरमध्ये घालून चेन लावली आणि तीन दिवस बघितलाच नाही. १८ ला काढला आणि दहात सात. का ते देव जाणे. तेव्हा कंटाळा आला तर खुशाल ठेवून द्या, हात आतल्या आत काहीतरी करत असतात बहुतेक.

१८ ते २३ रोज रात्री एक-दोन प्रयत्न. आरकेड मोड पूर्ण खेळायला माझ्या हिशोबाने अर्ध्या तासाच्या आत-बाहेर लागतो. दोनदा मधल्या लढतीत गेलो, आणि त्यानंतर चारदा शेवटच्या बायसनने घरी पाठवलं. (नावाचा एक घोळ सांगून ठेवतो, हा बायसन जपानी आवृत्तीत वेगा आहे, आणि त्यांचा बायसन म्हणजे आपला मुष्टियोद्धा बालरॉग. आयात केलेली चकती असेल तर गोंधळू नका. गेमच्या यूएमडीला प्रदेशाचं बंधन नसतं, कुठलीही कुठेही चालते.) हा बायसन म्हणजे सरळसरळ अन्याय आहे. अचानक गायब होऊन मागे उगवतो आणि त्याचा तो सायको क्रशर नावाचा मोठा डाव आला की अख्खा पडदा जांभळा होऊन अंगावर येतो, लागला तर पट्टीचा एवढा मोठा तुकडा जातो की पुढे खेळण्यात अर्थ राहत नाही. चौथ्यांदा हरलो तेव्हा लक्षात आलं की मी त्याच्या जवळ जायची घाई करतोय. लांब राहून एकेक हाडोकेन, तो उडी मारून आला तर शोर्युकेन, आणि नाही जमला शोर्युकेन तर नुसता बचाव, हट्ट नको.

२३ जुलै, रात्री पावणेबारा. पहिला राउंड हरलो. दुसऱ्यात तिन्ही टप्पे भरले होते, २३६ दोनदा आणि आर, शिंकू हाडोकेन लागला, एक-एक. तिसऱ्यात दोघांचीही पट्टी शेवटच्या बोटभर उरली, तो उजवीकडून उडी मारून आला, म्हणजे मी उजवीकडे तोंड करून, माझी चांगली बाजू, शोर्युकेन मारला आणि निघाला हाडोकेन. सुरुवातीचा ६ लागला नाही! तेवढ्या घाईतही ते मनात आलं. तो हाडोकेनच्या वरून आला, त्याची लाथ मी कशीबशी अडवली, तो खाली उतरला आणि मी बसून एक साधी मधली लाथ मारली. तीच शेवटची. पाच सेकंद मला कळलंच नाही की संपलं. मग क्रेडिट्स सुरू झाली आणि घरात सगळे झोपले होते म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आलो.

दुसऱ्या दिवशी पहिलं काम, मेमरी स्टिक कॉम्प्युटरला लावून पीएसपी नावाच्या फोल्डरमधल्या सेव्हडेटाची कॉपी केली. इतक्या वर्षांची स्टिक कधी दगा देईल सांगता येत नाही. आणि आता काही दिवस खेळणार नसलो तर बॅटरी अर्धवट चार्ज करून बाहेर काढून ठेवतो. तारीख परत भरावी लागते, लागू दे.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आत्येभाऊ त्याचा ३००० घेऊन आला. अॅड-हॉकवर, म्हणजे दोन पीएसपी वायफायने थेट जोडून, समोरासमोर खेळायला दोघांकडे आपापली चकती लागते, त्याच्याकडे होती. वायफायची छोटी सरकपट्टी चालू आहे ना ते दोघांनी बघा, आम्ही पंधरा मिनिटं एकमेकांना शोधत होतो आणि त्याची बंद. बसल्या बसल्या तो म्हणाला, "दादा, तू रियू घेणार? तुला हाडोकेन तरी येतो का?" मी काही बोललो नाही. पहिले तीन सामने मी जिंकलो. चौथ्याला त्याने झँगीफ घेतला, ज्याच्या पकडीसाठी डी-पॅड अख्खा गोल फिरवावा लागतो, आणि तो त्याने सहज फिरवला, आणि मग ओळीने पाच सामने मला उचलून उचलून आपटलं.

"कसं फिरवतोस ते?" मी विचारलं.

"कसं म्हणजे? फिरवतो. तू जास्त विचार करतोस, दादा."

निघताना म्हणाला की त्याचं चौकोनाचं बटण अडकतंय, उघडून देशील का. पुढच्या रविवारी आणतोय. अल्कोहोल उरलंय, स्क्रूचा कागदही ठेवलाय, पण तो २००० चा आहे, ३००० साठी नवीन काढावा लागेल.